उगवणारी खेळणी : कारागिरांच्या घरात पडून असलेला एक छोटा धंदा

उन्हाळ्याची सुट्टी लागली की घरोघरी एकच तक्रार ऐकू येते. मुले दिवसभर मोबाईलला चिकटून बसतात आणि काही करायला सांगितले तर "काय करू?" असा उलट प्रश्न विचारतात. या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या स्वयंपाकघरातील डब्यांत आणि कारखान्यातील टाकाऊ मालात दडलेले आहे. मूठभर मेथी, चिमूटभर अळीव, थोडा कापूस आणि एखादे रिकामे भांडे एवढ्यावर मूल आठवडाभर रमते. व्यापाराच्या या पानावर आम्ही मुलांच्या खेळाचा विषय का घेतला, असे काही वाचकांना वाटेल. त्याचे कारण असे की या खेळाला लागणारी जवळजवळ प्रत्येक वस्तू कुंभार, सुतार, पिंजारी, शिंपी, मणियार, बेकरीवाले आणि किराणा व्यापारी यांच्याकडे आधीच आहे. यातील बरीचशी तर रोज केरात जाते.

अमेरिकेत असाच एक धंदा उभा राहिला. सॅन फ्रान्सिस्कोचे जाहिरात व्यावसायिक जोसेफ पेडॉट यांनी १९७७ मध्ये 'चिया पेट' नावाची वस्तू बाजारात आणली. भाजलेल्या मातीचा खाचा पाडलेला पुतळा, त्यावर भिजवलेले चियाचे बी थापायचे आणि आठ-पंधरा दिवसांत पुतळ्याला हिरवी लोकर फुटायची, इतकीच ती कल्पना. ती त्यांची स्वतःची नव्हती. मेक्सिकोत मातीचे असे पुतळे आधीपासून बनत होते. १९८२ मध्ये मेंढ्याचा पुतळा निघाला आणि तो देशभर विकला गेला. त्यानंतर हत्ती, कासव, माणसांची डोकी असे कितीतरी प्रकार आले आणि आजही नाताळच्या सुमारास ते विकले जातात. माती आणि बी यांत नवे काहीच नव्हते. नवे होते ते खोक्यात भरून, सूचना छापून, मुलाच्या हाती देण्याचे काम.

बी उगवून सजवण्याची रीत तर जुनीच आहे. इराणमध्ये नवरोजच्या दोन आठवडे आधी ताटलीत गहू किंवा मसूर भिजवून 'सब्जे' उगवतात आणि तेराव्या दिवशी ते वाहत्या पाण्यात सोडतात. आपल्याकडे घटस्थापनेला हिंदू बांधवांच्या घरी मातीत धान्य पेरून नऊ दिवस वाढवतात. म्हणजे बी उगवताना पाहण्याचे कौतुक लोकांना शिकवावे लागत नाही.

बी कसे उगवते

माल बनवणाऱ्याला मालाचे शास्त्र ठाऊक पाहिजे, म्हणून हे थोडक्यात सांगतो. बियाला उगवण्यासाठी पाणी, हवा आणि ऊब या तीन गोष्टी लागतात. बहुतेक कडधान्यांना अंकुर फुटेपर्यंत उजेड लागत नाही, कारण कोंबासाठीचा शिधा बियाच्या दोन डाळिंब्यांतच भरलेला असतो. म्हणूनच ओल्या कापसावर मेथी खताशिवाय वाढते. मात्र हा शिधा दहा-पंधरा दिवसांत संपतो आणि रोप पिवळे पडू लागते. हे गिऱ्हाइकाला आधीच सांगितले पाहिजे, नाहीतर तो "माल खराब" म्हणून परत येईल.

हवेचा मुद्दा लोक विसरतात. मूग पाण्यात बुडवून दोन दिवस ठेवला तर तो उगवत नाही, सडतो. सात-आठ तास भिजवून पाणी काढून टाकले आणि ओल्या फडक्यात बांधला तर दुसऱ्या दिवशी मोड येतात. आपल्या घरातील प्रत्येक बाईला हे माहीत आहे. मुलांच्या हाती मात्र पाण्याचा तांब्या आला की तो रिकामा झाल्याशिवाय थांबत नाही. म्हणून खोक्यात पाण्याची बाटली देण्यापेक्षा एक लहान चमचा द्यावा आणि सूचनेत 'सकाळी दोन चमचे, संध्याकाळी दोन चमचे' असे लिहावे.

कोणते बी घ्यावे? आमच्या मते पहिला मान अळिवाचा. अळीव भिजला की त्याच्याभोवती चिकट गर तयार होतो, त्यामुळे तो उभ्या पृष्ठभागावरही चिकटून राहतो. दोन-तीन दिवसांत फुटतो आणि आठवड्यात दाट हिरवळ देतो. फालुद्यात घालतो तो सब्जा आणि जवस यांनाही असाच गर असतो, पण ते थोडे सावकाश उगवतात. सपाट जागेसाठी मेथी आणि मोहरी उत्तम. उंच केस हवे असतील तर गहू घ्यावा. धणे घेऊ नयेत. त्यांना उगवायला आठ-दहा दिवस किंवा जास्तच लागतात आणि तोपर्यंत मुलाचा धीर सुटतो. डाळ कधीच उगवत नाही, अख्खे कडधान्यच पाहिजे, हे किराणा व्यापाऱ्यांना सांगण्याची गरज नाही. पण खोके भरणाऱ्या नवख्या मुलाला जरूर सांगावे.

आता एकेका धंद्याकडे वळू

सर्वांत मोठी संधी कुंभारकाम करणाऱ्यांना आहे. सुराहीतले पाणी ज्या कारणाने थंड होते त्याच कारणाने हे खेळणे चालते. भाजलेल्या मातीला बारीक छिद्रे असतात, आत भरलेले पाणी त्यांतून पाझरते आणि बाहेरचा भाग ओलसर राहतो. पोकळ मेंढा, कासव, साळिंदर किंवा नुसते हसरे डोके बनवावे. पाठीला तोंड ठेवावे आणि अंगावर कच्चेपणीच फणीने आडव्या खाचा पाडाव्यात. खाच नसेल तर बी घसरते. अळीव थोड्याच पाण्यात अर्धा-एक तास भिजवला की त्याची लापशी होते, ती खाचांतून बोटाने पातळ थापायची, पुतळ्यात पाणी भरायचे आणि वरून पिशवी सैल घालून दोन दिवस सावलीत ठेवायचे. मोड दिसले की पिशवी काढून उजेडात.

यात एक गोष्ट मुद्दाम सांगतो. पुतळा आकर्षक दिसावा म्हणून सगळ्या अंगाला तेलरंग किंवा व्हार्निश लावाल तर छिद्रे बुजतील आणि बी सुकून मरेल. रंग फक्त तोंडाला आणि पायांना द्यावा. मुलांची वस्तू असल्यामुळे गेरू आणि खडू यांवर भागवावे. स्वस्त रंगांत शिसे असू शकते आणि लहान मूल वस्तू तोंडात घालतेच. काही दिवसांनी पुतळ्यावर पांढरा थर येतो. तो पाण्यातील क्षारांचा असतो, ब्रशने घासून धुतला की जातो आणि पुतळा पुन्हा वापरता येतो. पुन्हा वापरता येतो म्हणजे बियांच्या पुड्या पुन्हा विकता येतात, हेही लक्षात घ्या.

पिंजारी बांधवांसाठी एक अडचण आहे आणि तिचा उपायही आहे. गादीचा कापूस पाण्यावर टाकला तर तरंगत राहतो, भिजत नाही, कारण कच्च्या कापसाच्या तंतूवर मेणासारखा थर असतो. औषधाच्या दुकानातील कापूस लगेच पाणी पितो, कारण तो धुऊन-विरंजन करून तयार केलेला असतो. म्हणून गादीकामातून उरलेला स्वच्छ कापूस धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात चांगला उकळून, दोन-तीन पाण्यांतून खळबळून वाळवावा. नंतर पाण्यावर टाकून पाहावे, बुडाला की झाला. जुन्या गाद्यांचा कापूस मात्र मुलांच्या कामाला घेऊ नये.

या कापसाचा सर्वांत सुरेख उपयोग म्हणजे मुलाचे नाव उगवणे. ताटात ओल्या कापसाच्या वळ्या करून अक्षरे मांडायची आणि त्यावर मोहरी किंवा अळीव शिंपडायचा. पाचव्या-सहाव्या दिवशी हिरवे नाव तयार. मराठीत शिरोरेषेमुळे अक्षरे एकमेकांना धरून राहतात, उर्दूत नाव लिहायचे तर नुक्त्यांसाठी कापसाचे वेगळे ठिपके ठेवून वर चिमटीने बी टाकावे लागते. आमच्या पाहण्यात मुलींना हा प्रकार फार आवडतो, आणि नाव लहान असेल तर आईही सुटते.

सुतारांचा भुसा आणि शिंप्यांच्या चिंध्या एकत्र आल्या की 'केसाळ बाहुला' तयार होतो. पातळ पायमोजा किंवा जाळीदार कापडाची पिशवी घ्यावी, तळाशी दोन चमचे भिजवलेला गहू टाकावा, वर ओला भुसा घट्ट भरावा आणि तोंड दोऱ्याने बांधावे. उलटे केले की गहू डोक्यावर येतो. नाक दोऱ्याने आवळायचे, डोळ्यांना गुंड्या, तोंडाला लाल चिंधी. बाहुला वाटीत बसवायचा आणि रोज डोक्यावर पाणी. आठ-दहा दिवसांत केस बोटभर वाढतात. मग मुलाने कात्री घेऊन न्हावी व्हायचे, कारण गवतवर्गातील रोप बुडातून वाढते आणि कापले तरी पुन्हा येते. मेथी-अळिवाचे तसे नाही, ते एकदा कापले की संपले. घरात शेळी असेल तर बाहुला उंच फळीवर ठेवणे बरे. गव्हाऐवजी ज्वारी वापरू नये असे आम्ही सुचवतो ते याचसाठी. ज्वारीचे कोवळे पोटरे जनावरांना विषारी ठरते, हे शेतकऱ्यांना ठाऊक आहेच.

भुसा साध्या लाकडाचाच पाहिजे. प्लायवूड आणि एमडीएफ यांत रासायनिक सरस असतो, पॉलिश केलेल्या लाकडाचा भुसाही नको. चांगला भुसाही रात्रभर भिजवून ते तांबूस पाणी ओतून द्यावे आणि मग वापरावा. कोकणातील वाचकांना नारळाच्या काथ्याचा भुगा सहज मिळेल. तोही दोन-तीनदा धुवावा, त्यात क्षार असतात. करवंटी तर कुंडी म्हणून तयारच आहे.

बेकऱ्यांतून रोज अंड्यांच्या टरफलांचा ढीग बाहेर पडतो. अंडे वरच्या टोकाकडून फोडले तर खालचा भाग अख्खा कपासारखा राहतो. तो धुऊन पाण्यात दहा मिनिटे उकळला पाहिजे. कच्च्या अंड्याच्या टरफलावर रोगजंतू असतात, म्हणून ही पायरी कधीही गाळू नये. वाळल्यावर त्यावर पेनाने चेहरा काढायचा, आत ओला कापूस आणि वर मेथी. टरफल सरळ उभे राहत नाही, त्याला बैठक लागते. इथे मणियार बांधवांच्या दुकानातील जोड फुटलेल्या प्लास्टिकच्या किंवा धातूच्या लहान बांगड्या कामी येतात, टरफल त्यात अगदी नेमके बसते. काचेच्या बांगड्या मात्र नकोत.

अत्तराच्या आणि मुरब्ब्याच्या काचेच्या बाटल्यांतून शिकण्यासारखे सर्वांत जास्त मिळते. बरणीत आतून टीपकागद, तो न मिळाल्यास कागदी रुमाल गुंडाळून लावावा. कागद आणि काच यांच्यामध्ये राजमा किंवा पावट्याचे चार दाणे अडकवावेत आणि तळाशी बोटभर पाणी ठेवावे. काचेतून सगळे दिसते. आधी मूळ बाहेर येते, ते खाली जाते, मग कोंब वर. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बरणी आडवी केली तर मूळ पुन्हा वळून खालची वाट धरते. चपलांच्या रिकाम्या खोक्याला एका बाजूने भोक पाडून आत उगवलेली मेथीची वाटी ठेवली तर सगळी रोपे त्या भोकाकडे मान वळवतात. खोके पूर्ण बंद ठेवले तर रोपे उंच, फिकट पिवळी आणि लुळी होतात. शाळेच्या पुस्तकात एका ओळीत असलेली ही गोष्ट मुलाने डोळ्यांनी पाहिली की ती जन्मभर विसरत नाही. पुण्याच्या आयुका संस्थेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी बनवण्याचे काम वर्षानुवर्षे केले आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कचऱ्यातले खेळणे म्हणजे गरिबांचे खेळणे, असे समजणाऱ्यांनी ते काम अवश्य पाहावे.

बी मेलेले असेल तर

या धंद्याची सगळी इज्जत त्या दोन रुपयांच्या पुडीत आहे. खोके कितीही सुंदर असो, मूल रोज सकाळी उठून वाटीत डोकावते आणि पाचव्या दिवशीही काही उगवले नाही, तर त्याला वाटते की आपलेच काही चुकले. म्हणून गोदामातील जुना, किडका, उन्हाने तापलेला माल या पुड्यांत घालू नये. प्रत्येक नव्या पोत्यातून दहा-दहा दाण्यांचे काही नमुने काढावेत, ओल्या फडक्यात गुंडाळावेत आणि तीन-चार दिवसांनी मोजावेत. दहांतले आठ किंवा जास्त उगवले तर माल घ्यावा. मुगा-मटकीत काही गणंग निघतातच, त्यांची चिंता नको. साठवणीसाठी एरंडेल किंवा बोरिक पावडर लावलेले धान्य या कामाला न घेणेच चांगले.

याहून गंभीर गोष्ट पेरणीच्या बियाण्याची आहे. कृषी केंद्रात मिळणारे बियाणे बहुधा बुरशीनाशक लावलेले असते, त्याचा गुलाबी, लाल किंवा निळा रंग त्याचीच खूण आहे. उगवण हमखास म्हणून काहीजण ते वापरण्याचा विचार करतील. मुलांच्या हाती ते कधीही देऊ नका. खाण्याचेच धान्य घ्या. त्याचप्रमाणे दिसायला सुंदर म्हणून गुंज किंवा एरंडाचे बी खोक्यात घालू नये, दोन्ही जहरी आहेत. राजमाही कच्चा किंवा मोड आलेला खाल्ला तर पोट बिघडवतो. 'हे उगवण्यासाठी आहे, खाण्यासाठी नाही' अशी ओळ पुडीवर मोठ्या अक्षरांत छापावी. अगदी लहान मुले दाणे नाकात-कानात घालतात, म्हणून तीन वर्षांखालील मुलांसाठी हा माल नाही हेही छापावे.

ऋतूचाही विचार हवा. पावसाळ्यात मुंबई-कोकणात कापसावर दोन दिवसांत बुरशी धरते, तेव्हा पाणी कमी आणि हवा जास्त द्यावी. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत तोच कापूस दुपारपर्यंत कोरडा पडतो. छापील सूचनेत दोन्ही गोष्टी लिहिल्यास तक्रारी निम्म्या होतील.

हिशेब आणि कायदा

समजा मातीचा पुतळा २५ रुपयांस पडला, बी व पुडी २, खोके ६, छपाई १ आणि घरातील ज्या बाईने ते भरले तिची मजुरी १० रुपये. झाले ४४. घरच्या माणसाची मजुरी हिशेबात न धरणे ही आपल्या लोकांची जुनी सवय आहे आणि धंदा बुडण्याचे तेही एक कारण आहे. आता दहांत एक पुतळा वाहतुकीत फुटतो असे धरा. म्हणजे ४४० रुपये नऊ नगांवर पडले, नग ४९ रुपयांच्या जवळ गेला. दुकानदाराला तो ५० ला दिला तर हाती काहीच उरत नाही. अळिवाचा दाणा इतका हलका असतो की दहा ग्रॅममध्ये काही हजार दाणे येतात, म्हणून बियांत कंजुषी करून काही वाचत नाही. वाचवायचे असेल तर फूट वाचवावी. पुतळ्याभोवती शिंप्याच्या चिंध्या भराव्यात, त्याच पुढे बाहुल्याच्या कामी येतील.

कायद्याची बाजू अनेकांना माहीत नसते. खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश, २०२० हा १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. त्यानुसार १४ वर्षांखालील मुलांच्या खेळासाठी असलेल्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह लागते. मात्र डिसेंबर २०२० च्या दुरुस्तीने विकास आयुक्त (हस्तशिल्प) यांच्याकडे नोंदलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या मालाला यातून सूट दिली आहे. म्हणून कुंभार, लाकूडकाम आणि बाहुलीकाम करणाऱ्यांनी आपले कारागीर ओळखपत्र आधी काढून घ्यावे. ही सूट कारागिराला आहे. त्याच्याकडून माल घेऊन स्वतःच्या नावाने खोके भरणाऱ्या व्यापाऱ्याने आपल्याला काय लागू पडते ते ब्युरोच्या कार्यालयात विचारूनच पुढे जावे. शिवाय बंद खोक्यावर २०११ च्या वेष्टित वस्तू नियमांप्रमाणे बनवणाऱ्याचे नाव व पत्ता, आतील नग, महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापणे आवश्यक आहे. आमची शिफारस अशी की बी कोणत्या तारखेपर्यंत वापरावे हेही छापावे.

खोक्याशिवाय आणखी एक वाट आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवावेत आणि त्या दिवसांत त्यांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे शिकावे, असे सुचवलेले आहे. आपल्या गावातील मराठी आणि उर्दू शाळांच्या मुख्याध्यापकांना, कार्यानुभवाच्या शिक्षकांना जाऊन भेटा. एका वर्गासाठी चाळीस वाट्या, पाव किलो मेथी आणि धुतलेला कापूस घेऊन दोन तासांचा वर्ग घेता येतो. नेताना आपल्या घरी चार दिवस आधी उगवलेली एक वाटी आणि एक हिरवा मेंढा बरोबर न्यावा. मुलांना आणि मुख्याध्यापकांना आधी तोच दाखवावा, दर मग सांगावा. सुट्टीनंतर शाळा जूनमध्ये उघडतात, पुतळे घडवून, वाळवून, भाजून तयार व्हायला पावसाआधीचे ऊन लागते. तेव्हा माती कालवायची ती एप्रिलमध्येच.